अमेरिकेतील परसदार, विस्तव आणि कायदा

अमेरिकेतील उपनगरांत घर घेतलेल्या कुटुंबांच्या परसदारी हिरवळ, लाकडी डेक आणि बार्बेक्यूची शेगडी यांच्या जोडीला आणखी एक वस्तू आता हमखास दिसते. पोलादी घमेल्यासारख्या भांड्यात किंवा दगडांचे गोल कडे रचून केलेल्या खड्ड्यात लाकडे पेटवायची आणि भोवती खुर्च्या मांडून बसायचे, अशी ही व्यवस्था. तेथे तिला 'फायर पिट' म्हणतात. कोकणातील आगटी किंवा देशावरील शेकोटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. मुलाकडे वा मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आईवडील थंडीच्या संध्याकाळी या आगटीभोवती रमतात, नातवंडे काडीला टोचून मार्शमेलो भाजतात आणि फाल्गुनी पौर्णिमेच्या आगेमागे येणाऱ्या शनिवारी तेथेच होळीही पेटते. (सण पौर्णिमेला न येता शनिवारी येणे, हे परदेशस्थ पंचांगाचे वैशिष्ट्य.)

कोकणातील आगटीसाठी कुणी कचेरीची पायरी चढत नाही. अमेरिकेतील आगटीला परवानगी लागते काय, हा प्रश्न साधा वाटला तरी त्याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. उत्तर गावागणिक बदलते, ऋतूगणिक बदलते आणि पुष्कळ ठिकाणी तर दिवसागणिक बदलते. नव्याने घर घेतलेल्यांची गफलत होते ती येथेच. नगरपालिकेतून एकदा कागद आणला की काम संपले, अशी समजूत मनात घट्ट असते. तेथील व्यवस्था मात्र खड्ड्याकडे वा भांड्याकडे फारसे पाहत नाही. त्यात आज, या हवेत, विस्तव पेटावा की नाही याकडे पाहते. शिवाय परवानगी हाती असली तरी विस्तव पेटवणाऱ्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. या दुसऱ्या गोष्टीची किंमत कोलोरॅडो राज्यातील दोन गावांनी २०२१ च्या अखेरीस मोजली. त्याविषयी पुढे.

घरगुती आगटीसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा एखादा देशव्यापी कायदा नाही. अग्निसुरक्षा हा तेथे राज्यांचा आणि त्याहूनही अधिक स्थानिक संस्थांचा विषय आहे. तरीही दूरदूरच्या गावांच्या नियमांत तेच ते आकडे आढळतात, कारण त्यांचा उगम एकाच मसुद्यात आहे. 'इंटरनॅशनल कोड कौन्सिल' ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था 'इंटरनॅशनल फायर कोड' नावाची आदर्श संहिता तयार करते आणि दर तीन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती काढते. नावात 'इंटरनॅशनल' असले तरी तिचा वापर मुख्यत्वे अमेरिकेतच होतो. ही संहिता स्वतः कायदा नव्हे. राज्याने वा शहराने ती स्वीकारली, की स्वीकारताना केलेल्या फेरफारांसह ती तेथील कायदा बनते. काही राज्ये 'नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन' या दुसऱ्या, अधिक जुन्या संस्थेची संहिता आधाराला घेतात.

या पायावर पुढे राज्याच्या पर्यावरण खात्याचे, हवेची शुद्धता राखणाऱ्या प्रादेशिक मंडळाचे, काउंटीचे आणि शहराचे असे नियमांचे थर चढत जातात. त्यांच्या जोडीला असते 'होमओनर्स असोसिएशन', म्हणजे आपल्याकडील गृहनिर्माण सोसायटीची अमेरिकी मावसबहीण. शहराने मुभा दिलेली आगटी असोसिएशनच्या करारनाम्यात निषिद्ध असू शकते आणि असोसिएशनला मान्य असलेली शहराला अमान्य असू शकते. अशा वेळी जो नियम अधिक कडक, तो पाळावा लागतो. 'पलीकडच्या गावात भावाकडे चालते, मग आपल्याकडेही चालेल' हा हिशेब म्हणूनच फसतो. रस्त्याच्या या बाजूला एक गाव आणि त्या बाजूला दुसरे, असे अमेरिकी उपनगरांत सर्रास असते.

लाकूड तेच, विस्तव निराळा

आदर्श संहितेतील सर्वात उपयोगी भाग व्याख्यांचा आहे. तिच्या दृष्टीने सगळे विस्तव सारखे नाहीत. ऊब मिळवण्यासाठी, काही भाजण्यासाठी किंवा निव्वळ मौजेसाठी पेटवलेल्या लहान जाळाला ती 'रिक्रिएशनल फायर' म्हणते. त्यातील लाकडांच्या रचनेचा व्यास ३ फुटांहून आणि उंची २ फुटांहून अधिक असता कामा नये. हा विस्तव कोणत्याही बांधकामापासून वा पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूपासून २५ फुटांच्या आत पेटवता येत नाही. २५ फूट हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण विस्तवाच्या चहूबाजूंनी २५ फूट म्हणजे ५० फुटांहून अधिक व्यासाचे मोकळे वर्तुळ. आणि पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत शेजाऱ्याचे घर, दोन घरांमधले लाकडी कुंपण, स्वतःचा डेक, बागेतले छप्पर आणि वाळलेला झाडोरा हे सारे आले. नव्या, दाट वस्तीतल्या घरांच्या परसात एवढे वर्तुळ बसतच नाही. टेप घेऊन मोजायला लागले, की अर्ध्या लोकांच्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत न जाता मिळते.

दुकानांत मिळणारी पोलादाची, मातीची वा विटांची, उचलून इकडेतिकडे नेता येणारी आगटी संहितेच्या दुसऱ्या वर्गात मोडते. तिचे नाव 'पोर्टेबल आउटडोअर फायरप्लेस'. तिच्यासाठी अंतर १५ फूट, आणि एक वा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना या अंतरातूनही सूट. लोक याच सवलतीवर विसंबून असतात. परंतु सवलत घेतली तरी उत्पादकाच्या सूचना पाळणे बंधनकारक राहते आणि त्या सूचनापत्रात बहुधा स्वतंत्र अंतर छापलेले असते. संहिता स्वीकारताना एखादे शहर ही सवलत गाळूही शकते. एका ओळीत भिंतीला भिंत लागून असलेल्या टाउनहाउसमध्ये आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना तर ती मुळातच लागू नाही. अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत आगटी सोडाच, कोळशाची शेगडीही संहितेला मंजूर नाही. इमारतीत पाण्याचे स्वयंचलित फवारे नसतील, तर पेट घेणाऱ्या बांधकामापासून १० फूट दूर गेल्याखेरीज ती पेटवता येत नाही.

तिसरा वर्ग मराठी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याचा. समारंभासाठी वा विधीसाठी पेटवलेल्या विस्तवाला संहिता 'बॉनफायर' म्हणते. म्हणजेच होळी. तीच जागा, तीच लाकडे, तीच माणसे; पण हेतू धार्मिक झाला की विस्तवाचा वर्ग बदलतो आणि अंतर २५ फुटांवरून ५० फुटांवर जाते. रचना ३ फूट व्यास आणि २ फूट उंचीच्या आत असेल, तर उघड्यावरील विस्तवासाठी हे अंतर २५ फुटांपर्यंत उतरू शकते. यात धर्माविषयी आकस शोधण्याचे कारण नाही. समारंभाचा विस्तव मोठा असतो, भोवती गर्दी असते आणि तो पाहण्याच्या नादात कडेला काय पेटले इकडे लक्ष नसते, हा अग्निशमन दलांचा अनुभव त्या आकड्यामागे आहे. महाविद्यालयांच्या क्रीडासामन्यांआधी पेटणाऱ्या अमेरिकी होळ्याही याच वर्गात येतात. परसातील होळी हातभर ठेवावी आणि मोठी होळी मंदिराच्या किंवा उद्यानाच्या आवारात, अग्निशमन दलाची आगाऊ लेखी परवानगी घेऊन करावी, हाच व्यवहार्य मार्ग.

टेक्सासच्या पर्यावरण नियमांत याबाबत एक सुखद वेगळेपणा आहे. उघड्यावर काहीही जाळण्यास तेथे सर्वसाधारण मनाई असली, तरी मौजेसाठी, समारंभासाठी, घरगुती स्वयंपाकासाठी आणि थंडीत ऊब घेण्यासाठी पेटवलेल्या विस्तवाला त्यातून वगळण्याची तरतूद आहे. अर्थात हा झाला फक्त हवेच्या प्रदूषणाचा नियम. शहराचा अग्निनियम आणि काउंटीची बंदी त्याच्या वर उभीच असते.

परवान्याचे म्हणाल तर आदर्श संहिता उघड्यावर जाळण्यासाठी परवाना मागते, पण लहान 'रिक्रिएशनल' विस्तवाला त्यातून वगळते. अनेक शहरे ही सूट मानतात. काही शहरे परवाना मागतात, शुल्क घेतात, निरीक्षक पाठवून जागा पाहतात. काही शहरे लाकडाचा विस्तव पूर्णपणे नाकारून फक्त गॅसच्या आगटीला मुभा देतात. न्यूयॉर्क राज्याने ऑक्टोबर २००९ मध्ये पालापाचोळा जाळण्यास राज्यभर बंदी घातली, मात्र ३ फुटांहून कमी उंच आणि ४ फुटांहून कमी लांब-रुंद अशा लहान विस्तवाला मोकळीक ठेवली. जळण म्हणून केवळ कोळसा किंवा रंग-रसायन न लावलेले लाकूड वापरावे, एवढी अट. त्या राज्यातील प्रत्येक शहर वा गाव याहून कडक नियम करू शकते.

एक अट मात्र बहुतेक सर्वत्र सारखी. विस्तव पूर्ण विझेपर्यंत त्याच्याजवळ कुणीतरी थांबले पाहिजे आणि त्या माणसाच्या हाताशी विझवण्याचे साधन हवे: '४-ए' क्षमतेचे अग्निशामक यंत्र, वाळू वा माती, पाण्याचे पिंप किंवा नळाला जोडलेली रबरी नळी. 'जेवण वाढले आहे, पाच मिनिटांत येतो' असे म्हणून सगळी मंडळी घरात गेली, की नियम मोडला.

परवाना आहे, पण आज नाही

मॅसॅच्युसेट्स राज्यात झाडांच्या फांद्या जाळण्याचा हंगाम १५ जानेवारी ते १ मे एवढाच. त्यासाठी स्थानिक अग्निशमन दलाचा परवाना लागतो, वेळ सकाळी १० ते दुपारी ४, आणि घरापासून अंतर किमान ७५ फूट. बोस्टन, केंब्रिज, वूस्टर यांसारख्या शहरांत तर हे वर्षभर बंद. ज्या गावांत ते चालते तेथेही अग्निशमन दल सकाळी हवा पाहून त्या दिवसापुरता होकार किंवा नकार देते. दुपारी वारा उठला तर सकाळचा होकार मागे घेतला जातो. परवान्याच्या कागदापेक्षा त्या दिवसाचा वारा महत्त्वाचा, हे तत्त्व येथे अगदी उघडपणे दिसते.

कॅलिफोर्नियाच्या सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतालच्या परिसरात, जेथे माहिती तंत्रज्ञानातील असंख्य मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, तेथे अडसर वाऱ्यापेक्षा धुराचा. थंडीच्या शांत रात्री गार हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि घराघरांतला लाकडाचा धूर त्यात साचतो. तेथील वायुगुणवत्ता मंडळाने २००८ मध्ये नियम केला, की ज्या दिवशी 'स्पेअर द एअर' इशारा जाहीर होईल त्या दिवशी लाकूड, दाबून केलेले ओंडके वा लाकडी गोळ्या घरात वा अंगणात जाळणे बेकायदा ठरेल. सुरुवातीला हा नियम हिवाळ्यापुरता होता. वणव्यांच्या धुराने उन्हाळे काळवंडू लागल्यावर २०१९ मध्ये तो वर्षभरासाठी लागू झाला. पहिल्या उल्लंघनाला १०० डॉलर दंड किंवा धुराच्या दुष्परिणामांवरील वर्ग पुरा करण्याचा पर्याय आणि दुसऱ्या उल्लंघनाला ५०० डॉलर, अशी त्याची रचना. (दंड भरण्याऐवजी शाळेत बसण्याची सोय देणारे सरकारी खाते विरळाच.) सिएटलच्या परिसरात अशीच बंदी दोन टप्प्यांत जाहीर होते.

टेक्सासमध्ये हा अधिकार काउंटीच्या 'कमिशनर्स कोर्टा'कडे आहे. नाव कोर्ट असले तरी ते न्यायालय नव्हे, काउंटीचा कारभार पाहणारे लोकनियुक्त मंडळ. दुष्काळी परिस्थिती असेल, तर शहरांच्या हद्दीबाहेरील भागात ते एका आदेशाने ९० दिवसांपर्यंत उघड्यावर जाळण्यास बंदी घालू शकते. आदेश मोडल्यास ५०० डॉलरपर्यंत दंड. प्रत्येक आदेशात काय वगळले आहे ते वेगळे असते, म्हणून तो वाचावाच लागतो. याशिवाय राष्ट्रीय हवामान सेवा जोरदार वारा, कोरडी हवा आणि सुकलेले गवत हे तिन्ही एकत्र आले, की 'रेड फ्लॅग वॉर्निंग' देते. लाल बावट्याच्या दिवशी परवाना असो वा नसो, लाकूड पेटवायचे नाही, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम होते.

गॅसच्या आगटीला येथे झुकते माप मिळते. पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत आगीच्या हंगामात टप्प्याटप्प्याने निर्बंध येतात, तेव्हाही कळ फिरवून तत्क्षणी बंद करता येणाऱ्या गॅसच्या साधनांना सहसा मुभा असते. कारण उघड आहे: त्यांतून ठिणग्या उडत नाहीत आणि मागे निखारा उरत नाही.

राखेखालचा निखारा

जुन्या मराठी घरांत रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवीत आणि पहाटे राख सारून, फुंकर घालून त्याच विस्तवावर चूल पेटवीत. आगपेटी जपून वापरायच्या त्या दिवसांत गृहिणीला जे ज्ञान उपयोगी पडत होते, तेच अमेरिकेतील परसात उलट्या बाजूने कामी येते. राख वा माती निखाऱ्याला विझवत नाही. ती त्याचा वारा कमी करते, उष्णता कोंडून धरते आणि त्याला जिवंत ठेवते.

कोलोरॅडोतील बोल्डर काउंटीत २४ डिसेंबर २०२१ रोजी एका खासगी जागेत रहिवाशांनी टाकाऊ लाकूड आणि फांद्या पेटवल्या. कुणीतरी कळवल्यावरून अग्निशमन दलाचे जवान आणि शेरिफचे कर्मचारी तेथे आले. विस्तव आटोक्यात होता, हवा अनुकूल होती आणि रहिवासी तो मातीखाली गाडून टाकणार होते. आक्षेप घेण्यासारखे काही नाही असे पाहून पथक परत गेले. रहिवाशांनी सांगितल्याप्रमाणे विस्तवावर माती लोटली. सहा दिवसांनी, ३० डिसेंबरला, डोंगरावरून ताशी १०० मैलांच्या घरात जाणारे वारे सुटले. वाऱ्याने माती उडवली, खालचे निखारे उघडे पडले आणि वाळलेल्या गवताने पेट घेतला. सुमारे तासाभराने जवळच दुसऱ्या ठिकाणी आग लागली. तिचे सर्वाधिक संभाव्य कारण निसटलेली वीजवाहिनी असल्याचा निष्कर्ष तपासात निघाला. दोन्ही आगी मिळून 'मार्शल फायर' या नावाने ओळखल्या जातात. लुइव्हिल आणि सुपीरिअर या गावांसह त्या परिसरात एका दिवसात १,०००हून अधिक घरे जळाली, दोन माणसे मृत्युमुखी पडली. कोलोरॅडोच्या इतिहासात याहून अधिक घरे कोणत्याही वणव्याने जाळलेली नाहीत.

जून २०२३ मध्ये शेरिफ आणि जिल्हा अभियोक्ता यांनी तपासाचे निष्कर्ष जाहीर केले तेव्हा त्या रहिवाशांवर फौजदारी खटला भरण्यात येणार नसल्याचे सांगितले. जे केले ते त्या दिवशी योग्य वाटण्याजोगे होते आणि प्रत्यक्ष अग्निशमन दलाने ते पाहिले होते. कायद्याच्या बाजूने हे ठीकच. घर गमावलेल्यांच्या बाजूने पाहिले, तर मात्र यातून निघणारा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. परवानगी, पाहणी, मोकळी जागा, शांत हवा हे सारे असूनही केवळ विस्तव मातीने झाकला, पाण्याने विझवला नाही, एवढ्यावर अनर्थाचा एक धागा उरला.

कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर ३० वर्षांपूर्वीच हा धडा मिळालेला होता. १९ ऑक्टोबर १९९१ रोजी तेथे लागलेली गवताची आग दलाने आटोक्यात आणली. दुसऱ्या दिवशी कोरडे, उष्ण वारे सुटले आणि विझल्याचे मानलेल्या त्या जागेतून ती पुन्हा उसळली. २५ माणसे दगावली आणि सुमारे ३,००० घरे गेली. तेथे विझवणारे तर प्रशिक्षित जवान होते.

म्हणूनच अमेरिकेची वनसेवा विस्तव विझवण्याची जी रीत सांगते ती कंटाळवाणी वाटली तरी तंतोतंत पाळण्यासारखी आहे. आधी भरपूर पाणी ओतायचे. मग फावड्याने राख, निखारे आणि खालची माती ढवळायची, ओंडके उलटवायचे. पुन्हा पाणी ओतायचे. शेवटी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब लागते का पाहायचे आणि जराही लागली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पोलादी भांडे असेल तर राख दुसऱ्या दिवशी घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घरापासून, डेकपासून दूर ठेवायची. कागदी पिशवीत वा प्लॅस्टिकच्या कचरापेटीत राख टाकणे आणि ती पेटी गॅरेजच्या भिंतीला टेकवणे, ही घरे जळण्याची नेहमीची रीत आहे.

फौजदारी गुन्हा झाला नाही म्हणून आर्थिक जबाबदारी सुटते असे नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार हलगर्जीपणे वा बेकायदा आग लावणाऱ्याकडून, किंवा स्वतः पेटवलेली आग हाताबाहेर जाऊ देणाऱ्याकडून, ती विझवण्याचा संपूर्ण खर्च वसूल करता येतो. हेलिकॉप्टर आणि शेकडो जवान यांचा हा खर्च एखाद्या नोकरदाराच्या आयुष्यभराच्या कमाईच्या पलीकडे सहज जातो. घराच्या विम्यात आगटीचा उल्लेख आहे काय, नियम मोडून पेटवलेल्या आगीची भरपाई मिळते काय, हे विमा कंपनीला आधीच लेखी विचारलेले बरे.

आग राहिली आपल्या परसात, तरी धूर राहत नाही. लाकडाच्या धुरातील २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसांत खोलवर जातात. पलीकडच्या घरात दम्याचे मूल किंवा हृदयविकाराचे आजोबा असतील, तर आपली मौज त्यांची रात्र बिघडवते. अनेक ठिकाणच्या नियमांत यासाठी एक तरतूद असते: धुराचा उपद्रव होत असल्याची खात्री पटली, तर अंतर, आकार, परवाना सर्व काही नियमानुसार असले तरी अग्निशमन अधिकारी विस्तव तत्काळ विझवायला लावू शकतो. शेजाऱ्याला आधी सांगून ठेवणे, त्यालाही दोन खुर्च्यांपैकी एक देणे, हा यावरचा नियमाबाहेरचा पण खात्रीचा उपाय.

धूर कमी करायचा तर लाकूड वाळलेले हवे. त्यात पाण्याचा अंश २० टक्क्यांहून कमी असावा, असे पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. त्यासाठी मोजणीचे छोटे यंत्र हार्डवेअरच्या दुकानात मिळते. जुन्या डेकच्या फळ्या मात्र कधीही जाळू नयेत. २००३ अखेरपर्यंत अमेरिकेत घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या टिकाऊ लाकडाला क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण सर्रास लावलेले असे. ते जाळले की आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते. लाकूड लांबून आणण्यावरही निर्बंध आहेत. 'एमराल्ड अॅश बोरर' नावाचा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि त्याने अॅशची कोट्यवधी झाडे मारली. त्याच्या प्रसाराला सरपणाची वाहतूक मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. न्यूयॉर्क राज्यात उष्णता देऊन निर्जंतुक न केलेले सरपण ५० मैलांपलीकडे नेता येत नाही, ते त्यामुळे.

मेजावर ठेवायच्या, द्रवरूप अल्कोहोलवर चालणाऱ्या शोभेच्या आगट्यांपासून तर दूरच राहावे. त्यांना ना परवाना लागतो, ना अंतर मोजावे लागते, म्हणून त्या निरुपद्रवी वाटतात. ज्योत विझली असे समजून वरून पुन्हा द्रव ओतला, की दिसत नसलेली निळी ज्योत बाटलीतील वाफेला धरते आणि पिचकारीसारखी समोरच्याच्या अंगावर येते. उघड्या भांड्यात द्रव साठवून जाळणाऱ्या अशा आगट्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. २०१९ पासून दोन मृत्यू आणि किमान ६० जण जखमी झाल्याची नोंद त्यात होती.

पक्का खड्डा खणायचा असेल, तर कुदळ मारण्याआधी ८११ हा क्रमांक फिरवावा. २००७ पासून हा क्रमांक देशभर चालू आहे. जमिनीखालून गेलेल्या गॅसच्या, विजेच्या आणि दूरध्वनीच्या वाहिन्यांच्या जागा कंपन्यांची माणसे येऊन रंगाने आखून देतात. घरमालकाला त्यासाठी पैसे पडत नाहीत. नैसर्गिक वायूची नळी परसापर्यंत आणून कायमची आगटी बांधायची, तर बांधकाम खात्याचा स्वतंत्र परवाना आणि परवानाधारक कारागीर सहसा लागतो. कडे रचायला ओढ्यातील गुळगुळीत गोटे आणू नयेत. त्यांच्या पोटात पाणी असते आणि तापल्यावर ते फुटून उडतात.

चौकशीचा क्रमही ठरलेला ठेवावा. आधी असोसिएशनचा करारनामा, मग शहराच्या अग्निशमन दलातील 'फायर मार्शल'चे कार्यालय, आणि पेटवण्याच्या दिवशी वायुगुणवत्ता मंडळाचा इशारा व हवामान सेवेचा अंदाज. दलाला विचारताना 'फायर पिट चालते का' असे मोघम विचारू नये. लाकडाची की गॅसची, हलवता येणारी की पक्की, घर स्वतंत्र की जोडलेले, कुंपणापासून किती फूट, हे सांगून विचारावे. होळीसाठी असेल तर तेही स्पष्ट सांगावे. उत्तर शक्यतो ई-मेलवर घ्यावे. बहुतेक दलांचा नित्य कामकाजाचा दूरध्वनी क्रमांक वेगळा असतो आणि तो शहराच्या संकेतस्थळावर मिळतो. अशा चौकशीसाठी ९११ फिरवू नये. तो विस्तव हाताबाहेर गेला तर, त्या वेळेसाठी आहे.